डीव्हीडी प्लेयर नवीन, तरी चित्र काळंपांढरं नाहीतर नो सिग्नल? आधी टीव्हीच्या पाठीमागं बघा

दर लग्नसराईनंतर आणि दर गणपतीत मला एक तरी फोन येतोच, की नवीन डीव्हीडी प्लेयर आणलाय, लाल पिवळी पांढरी सगळ्या पिना लावल्यात, आवाज येतोय पण चित्र काळंपांढरं, नाहीतर नुसतीच निळी स्क्रीन आणि नो सिग्नल, नाहीतर चित्र वरून खाली पळतंय. आणि पुढचं वाक्य सगळ्यांचं एकच, प्लेयर खराब निघाला, परत देऊन येऊ काय. एवढ्यात देऊ नका. मी जेवढी घरं बघितली त्यात प्लेयर खरोखर बिघडलेला एकदाच निघाला, बाकी सगळीकडं प्लेयर पण चांगला आणि टीव्ही पण चांगला, फक्त दोघांच्या पाठीमागची भोकं एकमेकाला जुळत नव्हती किंवा जुळत असून टीव्हीला ते सांगितलेलं नव्हतं.

ताजं उदाहरण आमच्या मामांचं. मामा खानापूरला असतात. जुना डबा टीव्ही बंद पडल्यावर बत्तीस इंची एलईडी घेतला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मामेबहिणीच्या २००९ च्या लग्नाची डीव्हीडी कपाटात तशीच आहे आणि लावायला घरात काहीच नाही. त्या डीव्हीडीत आमची आज्जी आहे, हळदीच्या दिवशी जात्यावर बसून ओव्या म्हणताना. आज्जी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हलती-बोलती आज्जी दुसऱ्या कुठल्या कॅसेटीत किंवा मोबाईलमध्ये नाही. नातवंडांना ती दाखवायची म्हणून मामा एसटीनं बेळगावला आले, बाजारात त्यातल्या त्यात स्वस्त प्लेयर घेतला आणि रात्री मला फोन.

"मी सगळं बरोबर लावलोय की रे. पिवळं भोकच न्हाई टीव्हीला, म्हणून हिरव्यात घातलो. आज्जी काळीपांढरी दिसालीय आणि आवाज एकाच बाजूनं येतोय."

शेजारचे अण्णा पण येऊन बघून गेले होते, ते "बण्ण बरंगिल्ल, पीस खराब आहे" (म्हणजे कन्नडमध्ये, रंग येत नाही) सांगून गेले. मी मामांना म्हटलं फोन ठेवा आणि टीव्हीच्या मागचा फोटो पाठवा. फोटो आला आणि दोन्ही भानगडी त्यातच दिसल्या.

त्या टीव्हीला मागं पाच भोकं एका रांगेत होती, हिरवं, निळं, लाल, पांढरं, आणि परत लाल. म्हणजे लाल भोकं दोन. पहिलं लाल चित्राचं आणि दुसरं लाल आवाजाचं. मामांनी आवाजाची लाल पिन चित्राच्या लाल भोकात घातलेली, म्हणून एका बाजूचाच आवाज. आणि हिरव्याच्या खाली बारीक अक्षरात व्हिडिओ पण लिहिलेलं होतं, म्हणजे पिवळी पिन हिरव्यात घालणं हे त्या टीव्हीत बरोबरच आहे, बऱ्याच एलईडीत कंपनी एकच भोक दोन्ही कामाला देते. पण मग रिमोटवरचं सोर्स बटण दाबून तिथं एव्ही निवडायला लागतं, मामांनी कॉम्पोनंट निवडलेलं होतं.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. पिवळ्या वायरीत उजेड-अंधार आणि रंग दोन्ही एकत्र कालवून एकाच तारेतून येतात, ह्याला कंपोझिट म्हणतात, सोर्समधलं एव्ही ते हेच. कॉम्पोनंटमध्ये तीन वेगळ्या वायरी, हिरव्यातून फक्त उजेड-अंधार म्हणजे काळंपांढरं चित्र, आणि रंगाची माहिती निळ्या आणि लाल वायरीतून वेगळी. तर टीव्हीला तुम्ही कॉम्पोनंट सांगितलं की तो हिरव्या भोकातून येणाऱ्यात रंग शोधतच नाही, त्याच्या हिशोबानं रंग निळ्या-लाल भोकातून यायचे आणि तिथं तर रंगाची वायरच नाही. म्हणून काळंपांढरं. सोर्स बदलला, लाल पिन शेजारच्या लाल भोकातून काढून शेवटच्या लालमध्ये घातली, आणि मामी मागनं ओरडलेली फोनवर ऐकू आली, "मोरपंखी इरकल हुतं ते! मी सांगत हुतो की!" आज्जीच्या लुगड्याचा रंग कुठला ह्यावर त्यांच्यात आधीच वाद झालेला होता.

आता घेण्याआधी काय बघायचं. पहिली गोष्ट, दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या पाठीचा आणि बाजूचा फोटो काढून न्या, बाजूचा पण, कारण बऱ्याच टीव्हीला एक एव्ही बाजूला लपलेलं असतं. टीव्ही भिंतीला चिकटवलेला असेल तर मोबाईल मागं सरकवून फ्लॅश लावून काढा. दुकानदाराला प्लेयर कुठला चांगला विचारण्याआधी हा फोटो दाखवा. स्वस्त प्लेयरमध्ये चित्राच्या दर्जाचा फरक कमी आणि मागच्या भोकांचा फरक जास्त, म्हणून निवड इथंच होते.

टीव्हीला एचडीएमआय असेल (चपटं, रुंद, दोन कोपरे आत कापलेले) तर एचडीएमआयवाला प्लेयरच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. एकच वायर, चित्र आणि आवाज दोन्ही, रंगाचा घोळ नाही. पण त्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १०८० लिहिलंय म्हणून आणखी वरचे पैसे देऊ नका. डीव्हीडीत मुळात चित्र असतं ७२० बाय ५७६ टिपक्यांचं, त्याचं १९२० बाय १०८० प्लेयरनं ताणलं काय आणि टीव्हीनं ताणलं काय, नवीन माहिती कुठून येणार. चांगला टीव्ही ते काम बहुतेक वेळा स्वस्त प्लेयरपेक्षा बरं करतो. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी तर आधीच दाबून दाबून भरलेल्या असतात, तीन तासाचं लग्न एका डिस्कवर, त्यात चौकोन चौकोन दिसणारच, तो दोष कुठल्याच प्लेयरनं जात नाही.

डबा टीव्ही असेल आणि त्याला पिवळं-पांढरं-लाल असेल तर सगळ्यात साधा तीन पिनवाला प्लेयर पुरतो, फक्त एवढं बघा की त्याला खरोखर त्या तीन पिना आहेत, कारण हल्ली काही छोटे प्लेयर नुसत्या एचडीएमआयवर येतात. कोणी जुना ब्लू-रे प्लेयर फुकट देत असेल तरी मागची बाजू बघूनच घ्या, २०१३ नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेयरला पिवळी पिन सहसा नसते, कंपन्यांच्या करारातच ते बंद झालं. मोठ्या एकोणतीस इंची डबा टीव्हीला कधी कधी हिरवं-निळं-लाल पण असतं, तर प्लेयर पण तसाच घ्या आणि तीन वेगळ्या वायरी लावा, पिवळ्यापेक्षा चित्र स्पष्ट फरकानं चांगलं येतं, लाल साडीच्या काठाला जे मुंग्या चालल्यासारखं दिसतं ते जातं.

आणि ज्या अगदी जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचं भोक आहे त्याला कुठलाच डीव्हीडी प्लेयर सरळ लागत नाही. मधे मॉड्युलेटर नावाची डबी लागते, ती पिवळी-पांढरी घेऊन अँटेनाच्या वायरीतून एका चॅनेलवर सोडते, मग टीव्हीवर तो चॅनेल ट्यून करायचा. घरात बंद न पडलेला व्हीसीआर असेल तर त्यातून पण जातं म्हणतात आणि जातं पण, पण विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी असेल तर चित्र मधेच उजळतं मधेच काळवंडतं, एका लयीत. तो बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून डिस्कवर घातलेला लगाम व्हीसीआरला लागतो. माझं मत विचाराल तर अशा टीव्हीसाठी डबी शोधत फिरण्यापेक्षा कोणाच्या घरात पडलेला तीन भोकांचा टीव्ही आणा, आमच्याकडं शहापूर-वडगाव भागात अजून निघतात माळ्यावरनं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र त्या एका बारीक गोल भोकात जातो. नवीन एलईडीला कंपन्यांनी तिन्ही पिनांच्या जागी हेडफोनसारखं एकच भोक दिलेलं असतं, वर एव्ही इन लिहिलेलं. त्याची आखूड वायर टीव्हीच्या खोक्यात येते, एका बाजूला बारीक पिन आणि दुसऱ्या बाजूला पिवळी-पांढरी-लाल भोकं, आणि टीव्ही बसवायला आलेला माणूस सेट टॉप बॉक्स एचडीएमआयवर लावून जातो म्हणून ती वायर खोक्यातच राहते आणि खोकं जातं भंगारात. मग लोक बाजारातून दिसायला तशीच वायर आणतात आणि चित्र येत नाही, किंवा येतं ते फाटकं आणि वर घुंईऽऽ आवाज. त्या बारीक पिनेवर चार पट्ट्या असतात, टोक धरून, आणि कुठल्या पट्टीवर व्हिडिओ आणि कुठल्यावर अर्थिंग हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नाही. सोपी टेस्ट सांगतो, प्लेयरची पिवळी पिन तिथल्या लाल भोकात घालून बघा, मग पांढऱ्यात. एखाद्यात चित्र नीट आलं तर वायर वापरता येते, उरलेल्या दोनात आवाज लावा, रंगाकडं बघू नका. तिन्हीत घालून पण चित्र हलतंय आणि घुरघुरतंय तर अर्थिंगच चुकीच्या पट्टीवर आहे, ती वायर ह्या टीव्हीची नव्हे, बदलून आणा, टीव्हीचा मॉडेल नंबर घेऊन जा. आणि पिन नीट टचकन आवाज येईपर्यंत आत दाबा, अर्धी राहिली तरी असंच होतं.

चित्र काळंपांढरं येण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे पाल आणि एनटीएससी. आपल्याकडं १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीवर, सेकंदाला २५ चित्रं आणि ६२५ ओळी. अमेरिकेत आणि जपानात एनटीएससी, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं आणि ५२५ ओळी. रंग बसवायची रीत दोघांची वेगळी, म्हणून फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीवर एनटीएससी लावलं की काळंपांढरं, आणि टीव्ही फारच जुना असेल तर चित्र उभं पळतं. ह्याचा अनुभव मला टिळकवाडीतल्या एका काकूंकडं आला, त्यांच्या मुलानं अमेरिकेतून नातवाच्या बारशाची डीव्हीडी पाठवलेली, इथल्या लग्नाच्या डीव्हीडी रंगीत आणि बारसं तेवढं बिनरंगाचं, त्यामुळं काकूंना वाटलं डिस्कच खराब आली. डिस्क बरोबर होती. प्लेयरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाईप म्हणून एक ओळ असते, तिथं ऑटो किंवा मल्टी असेल तर डिस्क जशी आहे तशीच बाहेर पडते, तिथं पाल करा म्हणजे बहुतेक प्लेयर आतच बदलून देतात. काही प्लेयरला ह्यासाठी रिमोटवरच पाल-एनटीएससी बटण असतं, आणि ते चुकून लहान मुलांकडून दाबलं जातं, काल रंगीत होतं आज काळंपांढरं झालं तर पहिला संशय ह्या बटणावर घ्या. मेन्यूतली ती ओळ फिकट दिसत असेल आणि बदलता येत नसेल तर डिस्क बाहेर काढून परत सेटअपमध्ये जा, स्वस्त प्लेयरमध्ये डिस्क आत असताना काही सेटिंग बंदच असतात आणि हे कुठं लिहिलेलं नसतं.

परदेशातून विकत घेतलेली सिनेमाची डिस्क चालतच नसेल आणि स्क्रीनवर रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालायची त्याचा नंबर) असं काहीतरी येत असेल तर तो वेगळा विषय, भारताचा रीजन ५ आहे, अमेरिकेचा १, वायरी बदलून त्यात काही होणार नाही. घरी भरलेल्या डिस्कला रीजन नसतो.

आता पी-स्कॅन. हे एक बटण असं आहे की त्यानं चित्र पूर्ण जातं आणि मग मेन्यू पण दिसत नाही, त्यामुळं माणूस घाबरतो. प्लेयरनं चित्र प्रोग्रेसिव्ह करून (एक आड एक ओळी न सोडता सगळ्या ओळी एकदम) फक्त कॉम्पोनंटवर सोडलं की पिवळ्या पिनेतून काही येत नाही किंवा हिरवट-फाटकं काहीतरी येतं, आणि डबा टीव्हीला तर ते प्रोग्रेसिव्ह झेपतच नाही. प्लेयरला करंट आहे, दिवा लागलाय, डिस्क फिरल्याचा आवाज येतोय आणि स्क्रीन मात्र कोरी, तर डिस्क काढा आणि रिमोटवरचं पी-स्कॅन किंवा व्ही-मोड बटण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, परत दाबा, असं चार-पाच वेळा. ते फिरत फिरत परत साध्या एव्हीवर येतं. घाईनं दाबू नका, प्रत्येक वेळी टीव्हीला धरायला वेळ लागतो. एचडीएमआयवर पण असंच, जुन्या एचडी रेडी टीव्हीला १०८०पी झेपत नसेल तर स्क्रीन काळी, रिमोटवरच्या रिझोल्यूशनच्या बटणानं ७२०पी किंवा ५७६पी वर आणा. आणि एचडीएमआयवर चित्र आलं पण आवाज नाही, तर सेटअपमध्ये डिजिटल ऑडिओ रॉ असेल, ते पीसीएम करा.

कन्व्हर्टरबद्दल कळकळीनं सांगतो कारण ह्यात लोकांचे पैसे जातात. एचडीएमआय ते एव्ही आणि एव्ही ते एचडीएमआय ह्या दोन वेगळ्या डब्या आहेत, दिसायला सख्ख्या बहिणीसारख्या, भोकं तीच, किंमत पण जवळपास तीच. एक दुसरीचं काम करत नाही, उलटी लावून चालत नाही. तुमच्या प्लेयरला तीन पिना आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय, तर एव्ही ते एचडीएमआय. प्लेयरला फक्त एचडीएमआय आणि टीव्ही डबा, तर एचडीएमआय ते एव्ही. डबीवर इनपुट लिहिलेली बाजू प्लेयरकडं यायला पाहिजे, एवढं दुकानातच बघा. दोन्हीला यूएसबीचं पाच व्होल्ट लागतं, मोबाईलचा चार्जर चालतो, टीव्हीच्या यूएसबीवर लावली आणि टीव्हीची पिन अशक्त असली तर चित्र येतं-जातं. एचडीएमआय ते एव्हीच्या बाजूला नखानं सरकवायचा एक बारीक स्विच असतो, पाल आणि एनटीएससीचा, तो बऱ्याचदा एनटीएससीवर येतो. काळंपांढरं आलं की तो सरकवा. आणि एचडीएमआयची नुसती वायर, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना, मधे डबी काहीच नाही, ती घेऊ नका. डीव्हीडी प्लेयरला ती चालत नाही, एक सिग्नल डिजिटल आणि दुसरा अॅनालॉग, मधे बदलणारं कोणी नको काय.

उरलेलं थोडक्यात. चित्र नाही आणि स्पीकरमधून मोठ्यानं घरघर येते तर पिवळी पिन आवाजाच्या भोकात गेलीय. एलईडीवर माणसं बारीक आणि उंच किंवा जाडी आणि बुटकी दिसत असतील तर सेटअपमध्ये टीव्ही शेप किंवा टीव्ही डिस्प्ले १६:९ करा, आणि जुनं लग्न ४:३ मध्ये शूट केलेलं असेल तर टीव्हीच्या रिमोटवरून पण ४:३ करा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत, आपली माणसं जशी होती तशी दिसणं महत्त्वाचं. वायरी लावताना दोन्हीचे प्लग बोर्डातून काढा, दोन पिनच्या प्लगमुळं पत्र्याला हात लागला की चिमटा बसतो आणि त्याच चिमट्यानं भोकाच्या आतला भाग पण जाऊ शकतो.

आणि आपल्याकडच्या पावसाचं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी ह्या बाजूला चार महिने घरात सगळंच ओलं असतं, पिनांवर हिरवट-काळा थर धरतो आणि दसऱ्याला टीव्ही लावला की एका बाजूचा आवाज गेलेला, रंग कधी येतोय कधी नाही. नवीन काही घ्यायच्या आधी प्लग काढून ती पिन भोकात आठ-दहा वेळा गोल फिरवत आत-बाहेर करा, थर घासून जातो, पिनेला बाहेरून शाळेतलं खोडरबर चालतं. मामांकडं आता प्लेयर टीव्हीखालच्या फळीवर ठेवलाय, लाल पिनेला मी पांढरा दोरा बांधून आलोय, शेवटच्या भोकातली म्हणून. आणि ती डीव्हीडी मी बेळगावला घेऊन आलोय, तिची पेन ड्राईव्हवर कॉपी करतोय, कारण घरी भरलेल्या डिस्कच्या आतला रंगाचा थर वर्षागणिक खराब होत जातो, आणि हिच्या कडेला एक डाग आत्ताच दिसायला लागलाय. ओव्यांचा भाग निघालाय सगळा. वरातीतली शेवटची सात-आठ मिनिटं अडकतायत, ती दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राईव्हवर लावून बघणार आहे.